मटारच्या दिवसांतली निळी रेघ

डिसेंबर लागला की नेपियर टाउनच्या कोपऱ्यावर मटारचे ठेले उभे राहतात आणि तिथे पोचताना माझी चाल मंदावते. इतकी वर्षं झाली, केस पांढरे झाले, सवय काही जात नाही. बाकीचं जबलपूर या दिवसांत खुशीत असतं. पाटण-शहापुऱ्याकडून ट्रॅक्टर भरभरून शेंगा येतात, भाव कोसळतो, आणि घरोघरी पोह्यांत मटार, भातात मटार, कचोरीत मटार. उन्हात खुर्च्या टाकून बायका शेंगा सोलत बसतात. मीही सोलते. ठेलेवाला एक शेंग फोडून पुढे करतो, "खाके देखो दीदी, शक्कर है शक्कर." मी खाते. शक्करच असते. पण दाणा दाताखाली फुटला की मला कचोरी आठवत नाही, काचेच्या ट्रेमधली एक निळी रेघ आठवते.

ती रेघ म्हणजे माझी पीएचडी होती. तीन हिवाळे मी तिच्यावर जगले.

आधी हे सांगते की मी करत काय होते, कारण आमच्या रांझीच्या क्वार्टरांत ते कोणालाच कळत नव्हतं. शेजारच्या काकू विचारायच्या, "शालू मटारवर डॉक्टर होऊन राहिली म्हणे?" आणि तोंडाला पदर लावायच्या. प्रत्येक पेशीत डीएनएचं सूत असतं, तिथपर्यंत सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. पण ते सूत इतकं लांब की पेशीत मावायचंच नाही. म्हणून ते बारीक बारीक रिळांवर गुंडाळलेलं असतं. ही रिळं प्रथिनांची असतात, त्यांना हिस्टोन म्हणतात, आणि सूत-रीळ मिळून जे तयार होतं ते क्रोमॅटिन. गंमत अशी की सूत सगळ्या पेशींत तेच. मुळात तेच, पानात तेच. फरक पडतो तो घडीचा. जिथे घडी घट्ट, तिथलं वाचता येत नाही. जिथे ती सैल होते, तिथलं पेशी वाचते आणि कामाला लागते.

आईला मी हे तिच्या ट्रंकेवरून समजावलं होतं. दिवाळी उलटली की ती पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायची. वरचं वजन बाजूला करायची, कडुनिंबाचा वाळलेला पाला झटकायची आणि घड्या मोडून स्वेटर, मफलर, बाबांची खाकी जर्सी उन्हात टाकायची. मी म्हटलं, "आई, स्वेटर उन्हाळ्यातही घरात असतोच ना? फक्त घडीत असतो. थंडी पडली की तू घडी मोडतेस. मटारच्या रोपात ही घडी कोण मोडतं, ते मी शोधतेय."

आई म्हणाली, "तिथं बी आईच असंल कोणी."

मला वाटलं होतं, ते कोण आहे ते मला सापडलं. एक हिस्टोन असतं, ते घडीवर वजनासारखं बसतं. प्रथिनं वेगळी करायला एक पारदर्शक, लिबलिबीत पट्टी असते, तिला जेल म्हणतात; निळ्या रंगात बुडवली की तिच्यावर प्रत्येक प्रथिन रेघ होऊन दिसतं, जितकं छोटं तितकं खाली. साध्या, उबेत वाढलेल्या रोपांत माझ्या जेलवर त्याची एकच जाड रेघ यायची. पण ज्या रोपांनी विभागाच्या गच्चीवर थंडी काढली होती, त्यांच्यात त्या जाड रेघेखाली आणखी एक बारीक रेघ उमटायची. म्हणजे थंडीत या प्रथिनाचं छोटं रूप तयार होतं, घडी सैल पडते, आणि रोप थंडीची तयारी करतं! पहिल्या हिवाळ्यात ती दिसली तेव्हा माझे मार्गदर्शक पटेरिया सर ट्रे खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. दुसऱ्या हिवाळ्यात ती पुन्हा आली. तिसऱ्या हिवाळ्यात सरांनी दक्षिणेतल्या एका मोठ्या परिषदेला विषय पाठवला, तो स्वीकारला गेला आणि त्यांनी गाडीचं तिकीट काढलं. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे आमच्या विभागात हा विषय जाणणारं कोणी नव्हतं. म्हणजे काय व्हायचं ते त्या मार्चच्या आत व्हायचं होतं, त्यांचंही आणि माझंही.

आता आमच्या घराबद्दल सांगायलाच हवं, कारण चूक तिथे जन्मली.

बाबा रांझीच्या बाजूला संरक्षणाच्या कारखान्यात होते. मूळचे उमरेडचे. ते नोकरीला लागले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. पुढे राज्यांची फेररचना झाली, उमरेड तिकडे गेलं, बाबा इकडे राहिले. "मी तं हाललोच नाही," ते म्हणायचे, "राज्यच उठून गेलं." सकाळी कारखान्याचा भोंगा वाजायचा आणि त्याच्या आत फाटकाशी पोचावं लागायचं. म्हणून आमच्या घरी सगळी तयारी संध्याकाळी. सायकलीत हवा संध्याकाळी. बुटांना पॉलिश संध्याकाळी. डबासुद्धा संध्याकाळीच भरून जाळीच्या कपाटात. थंडीत तो सकाळपर्यंत दगड व्हायचा, पण बाबांची तक्रार नसायची. "सकाळ निघासाठी राहते," ते म्हणायचे, "करासाठी नाही." आमच्या घरी 'ऐनवेळी' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा होता. ऐनवेळी करणारी माणसं म्हणजे आमचे दीक्षितपुऱ्यातले मामा, ज्यांची प्रत्येक गाडी सुटायची.

तर असल्या घरातली मी. प्रयोगशाळेत माझी टापटीप हा कौतुकाचा विषय होता. आणि पेशी फोडण्याच्या कामात एक अडचण असते. पेशी फुटली की तिच्यातली प्रथिनं कापणारी एन्झाइम्स मोकाट सुटतात आणि दिसेल ते कापत सुटतात. त्यांना रोखायला द्रावणात एक औषध टाकायचं असतं. पांढरी पूड, अल्कोहोलमध्ये विरघळवून ठेवायची आणि वापरताना, अगदी ऐनवेळी, पाण्यातल्या द्रावणात मिसळायची. हे कृतीच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलंही होतं. पण मला वाटलं, ही सूचना अजागळ लोकांसाठी आहे. आपण बाटली बर्फात ठेवतो, आपलं काय बिघडणार?

साधी रोपं मी दुपारी घ्यायचे, द्रावण नुकतंच केलेलं असायचं. त्याच बाटलीत उरलेलं सकाळसाठी बर्फात ठेवून घरी जायचे. थंडीतली रोपं घ्यायची ती पहाटे, ऊन गच्चीवर यायच्या आत, नाहीतर थंडीचा असर उतरेल. बोटं बधिर झालेली असायची, शेवटी कात्री धरवत नसे. पण द्रावण तयार! मला स्वतःचा केवढा अभिमान वाटायचा.

मध्ये लिहिता लिहिता उठून शेंगांची परात आत ठेवून आले. ऊन उतरलं. हल्ली फ्रीझरमध्ये वर्षभराचे मटार भरून ठेवतात, त्यामुळे हंगाम असा उरला नाही म्हणतात. माझ्या बाबतीत उरला आहे.

त्या वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी आईने बजावून सांगितलं, "आज लवकर ये वं. तीळ भाजासाठी दोन हात पाहिजेत. लाडू का मी एकटीच वळू?" मी दुपारीच रांझीची बस धरली. तीळ तडतडले, गूळ चिकटला, हात पोळले, आई आणि मी हसलो. द्रावणाची तयारी तेवढी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा माझी संध्याकाळ विनातयारीची गेली आणि मला अपराधी वाटत राहिलं.

संक्रांतीच्या पहाटे मी गच्चीवरून रोपं आणली आणि, काय करणार, द्रावण तिथल्या तिथे केलं. ऐनवेळी. घाईघाईत. मनात म्हटलं, आज जेल बिघडणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी निळा रंग धुतला. जाड रेघ आली. तिच्याखाली काही नव्हतं.

मी जेल उजेडात धरलं, उलटं केलं, चष्मा पुसला. जिथे तीन हिवाळे बारीक रेघ होती तिथे स्वच्छ काच दिसत होती. आधी वाटलं, घाईचं फळ. दुसरा विचार कधी आला ते आठवत नाही, पण तो आला तेव्हा मी स्टुलावर बसले होते. घाईमुळे रेघ गेली, की घाई न केल्यामुळे आजवर येत होती?

बाटलीवरचं लेबल वाचलं. पाण्यात हे औषध टिकत नाही. काही तासांत मरतं. म्हणजे पहाटे माझ्या द्रावणात औषध नव्हतंच, होतं ते त्याचं मढं. एन्झाइम्सनी जाड प्रथिनाचा लचका तोडला आणि तो तुकडा खाली रेघ होऊन बसला. थंडीचा संबंध नाही. घडी कोणी मोडली नाही. मटारच्या रोपाने काहीच सांगितलं नव्हतं, मीच बोलत होते. तीन हिवाळे रेघ येत राहिली, कारण तीन हिवाळे मी तशीच होते, टापटीप.

पुढचे चार दिवस मी कोणाला काही बोलले नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. सर परिषदेत पडद्यावर दाखवायच्या पारदर्शिका तयार करत होते, काळ्या शाईने, पट्टी लावून. मला हाक मारायचे, "शालिनी, ज़रा देखो, अक्षर ठीक दिख रहे हैं?" मी म्हणायची, "जी सर." परिषद दोन आठवड्यांवर आली होती. मी हिशेब मांडत होते की हे कोणाला कळेल? रेघ खोटी नव्हती, मी काढलेली नव्हती. जो कोणी माझ्यासारखं काम करील त्याला ती दिसेलच. आणि संक्रांतीचं जेल? एक जेल बिघडू शकतं. मी ते ओल्या कागदात गुंडाळून कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलं, टाकलं मात्र नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बाबा अंगणात सायकलीत हवा भरत होते. मी पंपाशेजारी उकिडवी बसले आणि सगळं सांगून टाकलं. बाबा कारखान्यात परीक्षक होते. आलेला प्रत्येक सुटा भाग मापात घालून बघायचा, बसला तर पास, नाही तर लाल रंगाचा पट्टा. उभा जन्म त्यांनी ते केलं. त्यांचा हात इतका कडक की लोक त्यांना 'लाल रंगवाले भैया' म्हणत. मला वाटलं होतं ते एका वाक्यात निकाल देतील, आणि खरं सांगायचं तर तोच ऐकायला मी गेले होते.

बाबा हवा भरत राहिले. मग म्हणाले, "सरांले दिसलं का?"

"नाही."

"दुसऱ्या कोणाले?"

"नाही बाबा."

"मंग तू काहून सांगून राहिली?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. "तीन वर्सं तू थंडीत मरून राहिली," ते म्हणाले. "बोटं पाह्यली का आपली? मार्चात सर जातीन. मंग कोन इचारते तुले? होऊन जाऊ दे एकदा डॉक्टर. मंग कर दुरुस्त."

"तुम्ही कधी लाल पट्टा पुसलाय, बाबा?"

"ते लोकायचे पीस व्हते," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरला. "तू माही पोरगी हायेस."

आजही मला त्या वाक्याचा राग येत नाही. तेव्हा आला होता. रागापेक्षा भीती जास्त वाटली, कारण ज्या भिंतीला टेकायला गेले ती भिंतच माझ्या अंगावर रडत होती. त्या संध्याकाळी मी डबा भरला नाही. बाबांनीही आठवण केली नाही.

सकाळी सरांच्या खोलीत जाऊन मी ते ओल्या कागदातलं जेल त्यांच्या पारदर्शिकांशेजारी ठेवलं आणि उभ्यानेच बोलले. हिंदीत सुरुवात केली, मध्येच मराठीत शिरले, सरांना मराठी येत नव्हती तरी त्यांनी अडवलं नाही. माझं झाल्यावर त्यांनी जेल उचलून खिडकीशी नेलं.

"पक्का है?"

"जी सर."

"पक्का नहीं है," ते म्हणाले. "तुम सोच रही हो कि पक्का है. दोनों बोतल से करो. दोनों पौधे. मेरे सामने."

तीन दिवस. एका बाटलीत आदल्या संध्याकाळचं द्रावण, दुसरीत त्याच क्षणी केलेलं. साधी रोपं दोन्हींत, थंडीतली रोपं दोन्हींत. चार नमुने, एकाच जेलवर शेजारी शेजारी. पहाटे सर गच्चीवर आले, माकडटोपी घालून, शाल पांघरून, आणि कात्री मला धरू दिली पण बाटल्या स्वतः उचलल्या. मनाचा खेळ बघा, मी देवाला काय मागत होते? की रेघ थंडीतल्या रोपांत दोन्हीकडे दिसू दे, म्हणजे चूक शोधण्यातच माझी चूक झाली असं ठरेल आणि सगळं वाचेल. सरही तेच मागत असावेत. निळा रंग धुवायला बसलो तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. पाणी बदललं की निळेपणा थोडा फिका व्हायचा. आधी सगळंच आभाळ. मग जाड रेघा, चारही खणांत. मग बराच वेळ काहीच नाही. सरांच्या चहावर साय आली.

मग ती आली. शिळ्या द्रावणाच्या दोन्ही खणांत. थंडीतल्या रोपांतही आणि उबेतल्या, खिडकीत वाढलेल्या, जन्मात थंडी न पाहिलेल्या रोपांतही. ताज्याचे दोन्ही खण स्वच्छ.

आता शंकेला जागा नव्हती. मी रडले नाही, रडायला लागतो तेवढा वेळच मिळाला नाही. सर उठले, टेबलावरच्या पारदर्शिका एकेक उचलून फाइलीत उलट्या घातल्या.

"तीन साल," ते म्हणाले. माझ्यावर ओरडतील असं वाटलं. "तीन साल मैंने तुम्हारी बोतल पर तारीख़ नहीं पूछी. सफ़ाई देखकर खुश होता रहा." मग खिडकीबाहेर बघत, "टिकट वापस हो जाएगा. मटर कब तक है बाज़ार में?"

"फेब्रुवारीपर्यंत... फ़रवरी तक, सर."

"तो फिर से लगाओ. जो निकले, वही लिखेंगे."

जे निघालं ते असं, की थंडीत या प्रथिनात फरक पडत नाही. माझ्या प्रबंधातलं ते सगळ्यात रुक्ष प्रकरण आहे. घडी कोण मोडतं, ते मला नाही सापडलं. पुढे दुसऱ्यांना बरंच काही सापडलं, रिळांवर लागणाऱ्या बारीक खुणा, त्या लावणारी आणि पुसणारी प्रथिनं. ते सगळं मी मुलांना शिकवलं, आवडीने शिकवलं. एखादी विद्यार्थिनी सुंदर रेघ घेऊन धावत आली की मी आधी विचारायची, "द्रावण कधी केलंस?" मुलं माझ्या मागे माझी नक्कल करायची, मला ठाऊक आहे. सवयी कुठल्या गुणसूत्रावर असतात हे मात्र मला विचारू नका. संध्याकाळी माझी पावलं अजूनही स्वयंपाकघराकडे डबा भरायला वळतात, मग आठवतं की आता कोणाला कुठे जायचं नाही.

पण सांगायचं होतं ते वेगळंच.

तिकीट परत केलं त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना एवढंच म्हटलं, "सांगितलं. आता सगळं पहिल्यापासून करायचं. उद्या आणखी लवकर, अंधारातच निघायचंय, द्रावण तिथे जाऊन करायचं आहे." बाबा उठून बाहेर गेले. अंगणातली सायकल त्यांनी आत घेतली. हवा भरली नाही, बुटांना हात लावला नाही, जेवून भिंतीकडे तोंड करून झोपले. मी समजले की ते रागावले आहेत. जाळीच्या कपाटात डबा रिकामाच उपडा पडलेला होता, आणि मला ते फार लागलं.

पहाटे उठले तर स्वयंपाकघरात दिवा होता. आई निजलेली. बाबा खाकी जर्सी घालून स्टोव्हसमोर पाटावर बसले होते, मांडीवर शेंगांची टोपली, आणि त्यांच्या त्या लोखंडाची सवय असलेल्या बोटांनी एकेक दाणा मोजून-मापून काढावा तसे मटार सोलत होते. कढईत पोहे. बाजूला सायकलचा पंप पडलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पोहे डब्यात भरले, झाकण लावलं, टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिले.

"आताच केले," बाबा म्हणाले. "ताजे हायेत."

आईने नंतर सांगितलं, त्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा बाबा अजून घरातच होते, बूट शोधत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उशीर झाला. मी बसमध्ये डबा दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि माझी बधिर बोटं हळूहळू जागी होत होती.